महसूल सरकारचा, जलोदर कष्टकऱ्याचा

चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेली दारूबंदी २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाच्या एका निर्णयाने उठविण्यात आली. बंदीमुळे अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, महसूल बुडाला, असे कारण त्या वेळी देण्यात आले. निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून तिचा अहवालही हाताशी ठेवण्यात आला होता. बंदीच्या समर्थकांनी निषेध केला, विरोधकांनी पेढे वाटले, वृत्तपत्रांनी दोन्ही बाजूंची छायाचित्रे छापली आणि प्रकरण संपले. या साऱ्या गदारोळात ज्याच्या नावाने हा वाद चालला होता, तो माणूस मात्र कोठेच नव्हता. दारूने ज्याचे यकृत निकामी केले, ज्याच्या पोटात पाणी साचले, त्या माणसाचे पुढे काय, हा प्रश्न बंदी घालणाऱ्यांनी २०१५ साली विचारला नाही आणि बंदी उठविणाऱ्यांनी २०२१ सालीही विचारला नाही. आज तो प्रश्न विचारण्याची आमची इच्छा आहे, आणि तो सरकारइतकाच आपल्या स्वतःच्या पक्षालाही विचारावयाचा आहे.

आमचे एक जुने सहकारी आहेत. तेंदूपत्ता मजुरांच्या दरवाढीसाठी त्यांनी अनेक उन्हाळे जंगलात घालविले. त्याच जंगलातल्या फडीवर त्यांना दारूची सवय जडली आणि पन्नाशीच्या आत सिरोसिसने गाठले. पोट फुगले, पाय सुजले, डोळे पिवळे झाले. नागपूरच्या एका रुग्णालयात पोटातील पाणी काढले, औषधे दिली आणि दारू थांबविली नाही तर वर्षही काढणार नाही, असे बजावून घरी पाठविले. त्यांनी दारू खरोखरच थांबविली. सहा महिन्यांत सूज उतरली, कावीळ गेली, रक्ततपासणीचे आकडे सुधारले. मागच्या वर्षी भेटले तेव्हा त्यांनी साधा प्रश्न केला : ‘सर, लिव्हर सुधारलं म्हणतात. मग मी बरा झालो का?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांना कोणी दिलेले नव्हते. सुटीच्या कागदावर गोळ्यांची नावे होती. पुढे काय तपासावे, किती दिवसांनी तपासावे, कशाला जपावे, याविषयी एक ओळही नव्हती. अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याची हयात गेली, अशा माणसालाही मग डॉक्टर मित्रांकडे बसून या आजाराची मुळाक्षरे गिरवावी लागली. त्यातून जे समजले ते कार्यकर्त्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे. कारण गावात हा प्रश्न पहिल्यांदा त्यांनाच विचारला जातो.

यकृत हा शरीरातील सर्वांत सोशिक अवयव आहे. रक्त गोठविणारी द्रव्ये आणि अल्ब्युमिन नावाचे प्रथिन तेथे तयार होते. आतड्यातून येणाऱ्या विषारी पदार्थांचा निचरा तेथे होतो. वर्षानुवर्षे दारू, कावीळ ‘ब’ किंवा ‘क’चे विषाणू, अथवा मधुमेह व स्थूलपणाबरोबर येणारी चरबी यांचा मारा होत राहिला की जखम भरून येताना तेथे चिवट तंतू धरतात, गाठी होतात, यकृत कठीण होते. हाच सिरोसिस. बराच काळ त्याची बाहेर काहीच खूण दिसत नाही. उरलेला भाग साऱ्या यकृताचे काम ओढून नेतो, माणूस शेतात राबत असतो. या अवस्थेतील रुग्ण सरासरीने बारा वर्षांहून अधिक जगतात, असे वैद्यकातील जुने-नवे अभ्यास सांगतात. परंतु एकदा पोटात पाणी झाले, रक्ताची उलटी झाली, किंवा माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागला, की ही सरासरी दोन वर्षांच्या आसपास येते. आपल्या समाजात सिरोसिसचा उच्चार मृत्युपत्रासारखा केला जातो, तो या दुसऱ्या अवस्थेवरून.

हा समज अर्धवट आहे, आणि अर्धवट समज कधीकधी अज्ञानाहून घातक ठरतो. आजाराचे मूळ कारण दूर झाले, म्हणजे दारू पूर्ण सुटली किंवा विषाणू औषधाने आटोक्यात आला, तर बिघडलेले यकृत पुष्कळदा पुन्हा सावरते. दारू सोडल्यावर काही आठवड्यांतच सुधारणेला आरंभ होऊ शकतो आणि तीन ते सहा महिन्यांत तिची दिशा बहुधा कळते. युरोपातील बाव्हेनो परिषदेने २०२१ साली या सावरण्याची निश्चित व्याख्याच करून ठेवली : मूळ कारण दूर झालेले असावे, पाणी उतरविणाऱ्या व शुद्धी राखणाऱ्या गोळ्यांशिवाय निदान बारा महिने पोटात पाणी झालेले नसावे, भ्रम झालेला नसावा, तेवढ्याच काळात रक्तस्रावही झालेला नसावा, आणि अल्ब्युमिन, बिलिरुबिन व रक्त गोठण्याचे प्रमाण यांत टिकाऊ सुधारणा झालेली असावी. या कसोटीला जो उतरतो त्याचे आयुष्य खात्रीने वाढते. सर्वांनाच ती अवस्था लाभत नाही, पुष्कळांना थोडीच सुधारणा मिळते, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण ‘आता काय उपयोग’ असे म्हणून पुन्हा दारूच्या अड्ड्याकडे वळणाऱ्या माणसाला या ज्ञानाने हात धरून थांबविता येते. ते ज्ञान त्याच्यापर्यंत न पोहोचविणे हा त्याच्यावरचा अन्यायच होय.

मात्र आमच्या सहकाऱ्याच्या प्रश्नाचे दुसरेही उत्तर आहे आणि ते तितकेच महत्त्वाचे आहे. आकडे सुधारले तरी यकृतातील तंतू एका वर्षात विरघळत नाहीत. यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीतील दाब कमी होतो, पण अनेकांत तो पूर्ण नाहीसा होत नाही; अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा तशाच राहू शकतात आणि एखाद्या रात्री अवचित फुटू शकतात. यकृताच्या कर्करोगाचा धोकाही टिकून राहतो. म्हणून सुधारलेल्या रुग्णानेही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावयाची असते, दुर्बिणीने अन्ननलिका तपासून घ्यावयाची असते, आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे शिरांतील दाब उतरविणारी गोळी घ्यावयाची असते. दारूचा एक थेंबही पुन्हा चालत नाही. लग्नातला, पोळ्यातला, ‘आता बरा झालास, थोडी घे’ म्हणणाऱ्या मित्राच्या आग्रहाचा पेला हा त्याच्यापुरता विषाचा पेला असतो. सुधारणा म्हणजे मिळालेली मुदत आहे. ती टिकवावी लागते.

आता हे टिकविणे एखाद्या गरीब माणसाला चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात कितपत शक्य आहे, याचा विचार करावा. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आणि तेथून नागपूर जवळजवळ पुन्हा तितकेच. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क पावसाळ्यात वर्षानुवर्षे तुटत आला आहे. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीलाही २०२४ साली ते सुरू झाले. याचे आम्ही स्वागतच करतो. पण महाविद्यालयाची पाटी लागली म्हणजे दुर्बिणीने शिरा बांधणारा तज्ज्ञ आणि त्याची यंत्रसामग्री रोज मिळते असे नाही. सहा महिन्यांच्या तपासणीसाठी नागपूरला जाणारा मजूर दोन दिवसांची मजुरी, दोघांचे भाडे आणि बाहेरच्या प्रयोगशाळेचे बिल सोसतो. तीन खेपांनंतर तो जाणे थांबवितो. त्याला बेजबाबदार म्हणण्यापूर्वी आपण त्याचा हिशेब मांडून पाहावा. अर्थशास्त्राचा विद्यार्थी त्याला दोष देऊ शकणार नाही.

सरकारच्या आरोग्यविमा योजनांचे ढोल या संदर्भात वाजविले जातात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना ज्या राजीव गांधी जीवनदायी योजनेतून आली, तिचा आरंभ २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत झाला त्यांत गडचिरोली होता. परंतु या योजनांचा सांगाडाच भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. मजुराला रक्ताची उलटी झाली, तो बेशुद्ध होऊन दाखल झाला, तर रुग्णालयाला पैसे मिळतात. ती उलटी होऊ नये म्हणून लागणारी स्वस्त गोळी, सोनोग्राफी, रक्ततपासणी, प्रवासभाडे हा सारा बाह्यरुग्ण खर्च बहुतांशी त्याच्या खिशातून जातो. धरण फुटल्यावर नुकसानभरपाईला तिजोरी उघडी आणि भिंतीच्या डागडुजीला कुलूप, असा हा कारभार आहे. खाजगी रुग्णालयांना तो सोयीचा आहे, कारण त्यांचे उत्पन्न भरतीवर चालते. यकृतरोपणाविषयी तर बोलावयासच नको. वीस-पंचवीस लाखांचा खर्च आणि आयुष्यभराची औषधे हा उपाय एटापल्लीच्या माणसासाठी नाहीच. म्हणून त्याच्या दृष्टीने सुधारलेले यकृत सांभाळणे हाच एकमेव व्यवहार्य उपचार उरतो, आणि नेमका तोच आपल्या योजनांत बसत नाही.

दुसऱ्या बाजूला महसुलाची वही पाहा. १० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क वाढविले, धान्यापासूनच्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा नवा प्रकार निर्माण केला आणि या साऱ्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांचे जादा उत्पन्न अपेक्षित असल्याचे सांगितले. २०२१ साली चंद्रपूरची बंदी उठविणारे सरकार एका आघाडीचे होते, २०२५ साली हा निर्णय घेणारे सरकार तिच्या विरोधी आघाडीचे. इतर प्रत्येक प्रश्नावर एकमेकांच्या उरावर बसणारे हे पक्ष या एका बाबतीत एकमताचे आहेत. त्याआधी २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण याच राज्याने आखले होते. भुकेल्यांच्या तोंडचे धान्य भट्टीत घालण्यास सरकारी पैसा, अशी त्याची संभावना तेव्हा अनेकांनी केली, ती योग्यच होती. सरकारच्या जमाखर्चात दारूचा कर जमेच्या बाजूस दिसतो. खर्चाच्या बाजूस मात्र त्या करामागचे यकृत, विधवेचे कर्ज, शाळा सोडलेले पोर आणि पडीक राहिलेली जमीन कधीच लिहिली जात नाही. ती नोंद त्या घराच्या वहीत होते. उत्पन्न सार्वजनिक आणि नुकसान खाजगी, अशी ही वाटणी आहे. एखाद्या कारखान्याने नदीत विष सोडून नफा घरी न्यावा, तिचाच हा सरकारी अवतार होय.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : ‘तो स्वतःच्या हाताने प्याला, त्याच्या उपचाराचा भार समाजाने का उचलावा?’ हा आक्षेप श्रीमंतांच्या दिवाणखान्यात ऐकू येतो, आणि खेदाने सांगावे लागते, आपल्या शिबिरांतही ऐकू येतो. त्याला तीन उत्तरे आहेत. एक, सिरोसिसचा प्रत्येक रुग्ण दारुडा नसतो. कावीळ ‘ब’चा विषाणू आईकडून मुलाकडे, दूषित सुईतून, रक्तातून पसरतो, त्यावरील लस देशभरच्या लसीकरणात २०११ साली आली, तेव्हा त्यापूर्वी जन्मलेल्या पिढ्यांतील असंख्यांना तिचे संरक्षण मिळालेच नाही. सिकलसेलच्या या पट्ट्यात वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि तो आजारही यकृताला इजा करतो. अशा माणसाचे पोट फुगले की गाव त्याला बेवडा म्हणून मोकळे होते. जिने आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही, अशा बाईने हा शब्द ऐकत मरावे, याहून मोठा अपमान कोणता? दोन, दारूचे व्यसन हा स्वतःच एक आजार आहे आणि तो कोणाला जडेल हे कामाचे तास, उपाशी पोट व गुत्त्याचे अंतर यांवरही ठरते. तीन, ज्या राज्याने परवाना दिला, कर घेतला आणि बाटलीवर शिक्का मारला, त्याला ‘तू का प्यालास’ असे विचारण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. महात्मा फुल्यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेत दारूच्या दुकानांच्या वाढीला विरोध केला, तेव्हा त्यांचा रोख पिणाऱ्यावर नव्हता, दुकाने वाढविणाऱ्यांवर होता. आपण त्यांचे नाव घेतो, तर त्यांचा रोखही घ्यावा.

दुसरा आक्षेप आपल्याच काही मित्रांचा आहे. त्यांतील एक गट म्हणतो, दारूबंदी हे गांधीवादी खूळ आहे, वर्गलढ्याशी त्याचा संबंध नाही. या मित्रांनी डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरला विधानसभेवर पायी गेलेल्या स्त्रियांचा मोर्चा आठवावा. श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखालील त्या बाया मजूर होत्या, भूमिहीन होत्या. पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींचे ठराव त्यांच्या मागे होते. नवऱ्याच्या हातातली मजुरी घरापर्यंत पोहोचावी ही त्यांची मागणी मजुरीच्या दराइतकीच आर्थिक होती. गडचिरोलीची बंदीही डॉ. अभय व राणी बंग यांच्या सर्च संस्थेच्या पुढाकाराने आणि गावोगावच्या चळवळीतून १९९३ साली आली. २०१६ पासूनच्या मुक्तिपथ उपक्रमाने गावसंघटना आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यसनोपचार यांची जोड तिला दिली. चंद्रपूरची बंदी उठल्यावर ‘आमची उठवू नका’ असे ठराव गडचिरोलीच्या शेकडो गावांनी केले. अवैध दारू विकली जाते म्हणून बंदी रद्द करावी, हा तर्क मान्य केला, तर किमान वेतन कोणीच देत नाही म्हणून किमान वेतनाचा कायदाही रद्द करावा लागेल.

दुसरा गट बंदीचा कट्टर पुरस्कर्ता आहे आणि आदेश निघाला की काम संपले असे मानतो. त्याला आमचे सांगणे असे की, आदेशाने दुकान बंद होते, शरीर बंद होत नाही. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एका दिवसात तुटली तर त्याला झटके येऊ शकतात, वात होऊ शकतो, प्राणही जाऊ शकतो. त्याला त्या आठवड्यात डॉक्टर लागतो. ज्याचे यकृत आधीच गेले आहे, त्याला दारू सोडविण्याच्या सगळ्याच गोळ्या चालत नाहीत. नकळत अन्नात कालवून दारू सोडवा, अशा भिंतीवरच्या जाहिराती वाचून बायका नवऱ्याला जी पूड देतात, तीत अशा यकृताला अपाय करणारे औषध असण्याचा धोका असतो. बंदीच्या आदेशाबरोबर ही उपचारव्यवस्था नसेल तर बंदी केवळ पोलिसांचा कार्यक्रम होऊन बसते. मोहाचाही विवेक ठेवला पाहिजे. पूजेला मोहाची धार ओतणारा गोंड-माडिया आणि मोहाच्या नावावर नवसागर घालून ट्रकभर दारू गाळणारा व्यापारी यांना एकाच कलमाखाली आणणे अन्यायाचे आहे. अबकारीच्या ठेक्यांनी इंग्रजांनी मध्य प्रांतात आदिवासीच्या मोहावर हक्क सांगितला, तोच पाढा आपण गिरवू नये. १९९६ च्या पेसा कायद्याने नशेच्या पदार्थांवर बंदी घालण्याचा वा नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे दिला आहे. निर्णय तेथेच व्हावा.

आहाराचा प्रश्नही राजकीयच आहे. सिरोसिसच्या रुग्णाला डाळ, अंडी बंद करून पातळ पेजेवर ठेवण्याची रीत गावोगाव आढळते. ती चुकीची आहे. त्याचे स्नायू झिजत असतात आणि त्याला प्रथिनांची गरज निरोग्याहून अधिक असते. रात्री निजण्यापूर्वी थोडे खावे, मीठ कमी करावे, सुकट-लोणची-पापड टाळावे, अंगदुखीसाठी दुकानातून मिळेल ती गोळी घेऊ नये, कारण त्यांतील अनेक गोळ्या मूत्रपिंड बिघडवितात आणि रक्तस्राव घडवितात, हे त्याला सांगितले पाहिजे. पण प्रथिने खा असे सांगणाऱ्याने रेशनच्या दुकानाकडेही पाहावे. अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य मिळते; डाळीचा हक्क त्या कायद्यात नाही. सल्ला डाळीचा आणि पिशवीत तांदूळ, ही गोष्ट डॉक्टरच्या चिठ्ठीने सुटणारी नाही.

तेव्हा आपल्या पक्षाने या दोन जिल्ह्यांपुरता तरी स्पष्ट कार्यक्रम हाती घ्यावा. दारूवरील करातून ठरावीक वाटा वेगळा काढून व्यसनोपचार आणि यकृताच्या रुग्णांच्या देखभालीसाठी कायद्याने राखून ठेवावा. दोन्ही जिल्ह्यांच्या शासकीय रुग्णालयांत यकृताचा साप्ताहिक बाह्यरुग्ण विभाग, दुर्बीण तपासणी व शिरा बांधण्याची सोय असावी. उपजिल्हा रुग्णालयात सहामाही सोनोग्राफी मोफत व्हावी आणि तिच्यासाठी येणाऱ्या रुग्णाला व सोबत्याला एस.टी.चे भाडे मिळावे. राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून आहे, त्यात ‘ब’ व ‘क’ची तपासणी आणि औषधे मोफत आहेत, ती तालुक्यापर्यंत पोहोचतात की नाही, हे आपल्या कार्यकर्त्यांनी जाऊन पाहावे. आरोग्यविमा योजनेत बाह्यरुग्ण औषधे व तपासण्या आणाव्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या एकवीस प्रकारांत सिकलसेल आहे, सिरोसिस नाही. जो जड काम करू शकत नाही त्याला निदान हलक्या कामाचा व निर्वाहभत्त्याचा हक्क मिळावा. आणि सुटीच्या प्रत्येक कागदावर मराठीत, त्याला वाचता येईल अशा अक्षरांत, पुढची तारीख आणि पुढची तपासणी लिहिलेली असावी. या शेवटच्या मागणीला तर पैसाही लागत नाही.

एक काम सरकारची वाट न पाहता आपण करू शकतो. आपल्या प्रत्येक शाखेत असा एखादा सहकारी आहे, ज्याच्या आजाराविषयी आपण कुजबुजतो आणि ज्याला बैठकीला बोलावणे हळूहळू थांबविले आहे. त्याला बोलवावे. बैठकीनंतरच्या जेवणात बाटली निघत असेल तर ती निघू नये, एवढी शिस्त आपल्याला जमली पाहिजे. सहा महिन्यांनी त्याची तपासणी असेल तेव्हा कोणीतरी त्याच्यासोबत जावे.

आमच्या सहकाऱ्याला शेवटी आम्ही उत्तर दिले. तुमचे यकृत सुधारले आहे, हे खरे आहे. आजार गेलेला नाही, हेही खरे आहे. अजून अनेक वर्षे काम करता येईल, जर तुम्ही दारूपासून आणि सरकार आपल्या जबाबदारीपासून दूर गेले नाही तर, असे आम्ही म्हणताच ते हसले. ‘पहिलं माझ्याकडं लागलं,’ ते म्हणाले, ‘दुसऱ्यासाठी मोर्चा काढू.’ त्यांनी आपल्या वाट्याचे काम तीन वर्षे चोख केले आहे. दुसरे काम आपले आहे.